प्रोग्रामिंगमध्ये अडल्यावर गाऱ्हाणं कसं घालावं?

सड्यावरची (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या नवशिक्यांच्या एका गटात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाने प्रश्न टाकला. "प्रोग्राम चालत नाही. प्लीज हेल्प. अर्जंट." खाली लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो. तिरका, मधोमध ट्यूबलाइटची चमक, आणि एररची नेमकी शेवटची ओळ कापलेली.

सहा जण मदतीला आले. विंडोज की लिनक्स? फाइल कुठली वाचतोयस? कोड टाकतोस का? तो एकेका प्रश्नाला एका शब्दात उत्तर देत होता, तेही तासातासाने, कारण त्याच्या वाडीत रेंज येते ती विहिरीकडच्या बांधावर. दुसऱ्या रात्री कळलं की तो वडिलांच्या आंब्याच्या पेट्यांचा हिशेब लिहितोय आणि फाइलमध्ये गावांची नावं मराठीत आहेत. तिसऱ्या दिवशी त्याने ती कापलेली ओळ टाकली आणि पाच मिनिटांत उत्तर मिळालं. तोवर सहापैकी चार जण निघून गेले होते. पोरगा हुशार आहे, मदत करणारी माणसं चांगली होती, आणि तरी दोन दिवस गेले. मला राहवलं नाही म्हणून हा धागा काढतेय.

आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात ते आठवा. गाऱ्हाणं घालणारा आधी स्थळाचं नाव घेतो, देवांची नावं घेतो. मग कुठल्या वाडीतला, कुणाचा कोण ते सांगतो. मग काय घडलं ते, आणि शेवटी मागणं काय आहे ते. मग सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. "देवा, वाईट झालंय, काय ते बघ" एवढंच म्हणून कुणी मागे फिरत नाही. देव सगळं जाणतो असं मानूनसुद्धा आपण त्याला सविस्तर सांगतो. इथे तर समोर कुणीतरी अनोळखी माणूस आहे, त्याला तुमची स्क्रीन दिसत नाही आणि कालपासून तुम्ही काय काय करून पाहिलंत ते ठाऊक नाही.

स्थळ म्हणजे तुमचा संगणक कुठला, पायथनची आवृत्ती कुठली, प्रोग्राम चालवताय कशातून. हे बिनमहत्त्वाचं वाटतं, पण तसं नाही. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला, तरी जुन्या पुस्तकातून किंवा जुन्या नोट्समधून कोड उतरवणारी मुलं आजही प्रिंटच्या पुढे कंस नाही (पायथन ३ ला तो लागतो) म्हणून अडतात. आवृत्ती लिहिली असेल तर वाचणाऱ्याला ते पहिल्या नजरेत कळतं.

काय घडलं, हे सांगताना एरर पूर्ण द्यावी, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि अक्षरांत द्यावी. फोटोतला कोड कॉपी करून स्वतःच्या मशीनवर चालवून बघता येत नाही. तो शोधात सापडत नाही, म्हणजे पुढच्या वर्षी तुमच्यासारखाच कुणी अडला तर त्याला तुमचं उत्तर मिळणार नाही. आणि प्रोग्रामिंग करणाऱ्यांत अंध माणसंही आहेत, ती स्क्रीन रीडरवर ऐकतात. त्यांच्यासाठी तुमचा फोटो म्हणजे कोरी पाटी. पायथनची एरर लांबलचक दिसते म्हणून घाबरू नका. तिच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं की सगळ्यात ताजी गोष्ट शेवटी आहे, तेव्हा खालून वर वाचायची. शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, तिच्या जरा वर कुठे बिघडलं ते.

आणि मागणं. "चालत नाही" म्हणजे काय? सुरूच होत नाही, मधेच थांबतो, की चालतो पण बेरीज चुकीची येते? मला बारा पेट्या यायला हव्या होत्या, अकरा आल्या, असं लिहिलं की वाचणारा लगेच कामाला लागतो.

मी शिकत असताना रात्री अकरा वाजता एका मोठ्या इंग्रजी मदतस्थळावर तीन ओळींचा प्रश्न टाकला होता. दहा मिनिटांत तो बंद झाला, "आधीच विचारलेला प्रश्न" असा शिक्का मारून. मी रडले होते. नंतर वर्षभर कुणाला काही विचारलं नाही. पुष्कळ दिवसांनी तो दुवा उघडून वाचला तर माझं उत्तर खरंच तिथे होतं. म्हणजे बंद करणारा बरोबर होता. पण त्याने एक ओळ आपुलकीची लिहिली असती तर माझं वर्ष वाचलं असतं, हेही तितकंच खरं. तुमचे अनुभव लिहा.

---

रापण

आमची बोट मिरकरवाड्याला असते. काका तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. समुद्रात इंजिन बंद पडलं की वायरलेसवर मेकॅनिकला नुसतं "बोट बंद पडली" सांगून चालत नाही. तो पहिलं विचारतो, धूर काळा की पांढरा? काळा म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा पाणी शिरलंय. मग विचारतो, आवाज बदलला होता का, बंद पडायच्या आधी काय केलंत. काका हे सगळं मनात जुळवून मगच वायरलेस हातात घेतात.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. बोट वर ओढलेली असते, त्या दोन महिन्यांत मी कोडिंग शिकतो. मला "बंद पडायच्या आधी काय केलंत" हा प्रश्न इथेही सगळ्यात उपयोगी वाटतो. काल चालत होतं आणि आज नाही, तर मधे काय बदललं? बहुतेक वेळा प्रश्न लिहितानाच आठवतं आणि प्रश्न टाकायची वेळ येत नाही.

---

बांधाकडची

ताई, माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमात झालं. कोड समजतो, एररही थोडीफार समजते. पण इंग्रजीत प्रश्न लिहायचा म्हटलं की हात थांबतो. लोक व्याकरणाला हसतील असं वाटतं. म्हणून मी "सर प्लीज" एवढंच लिहून फोटो टाकते. तुम्ही वर जे लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं, कारण ते मीच करते. मराठीत विचारलं तर चालेल का?

---

सड्यावरची

@बांधाकडची, तुला वाईट वाटावं म्हणून लिहिलं नव्हतं गं. फोटोमागे हे कारण असेल हे मला सुचलंच नाही. तू लिहिलंस ते बरं केलंस.

इथे मराठीत बिनधास्त विचार. मात्र एरर आहे तशीच ठेव, तिचं भाषांतर करू नकोस. त्या शब्दांवरूनच लोक शोधतात. चलांची (व्हेरिएबल्सची) नावं मराठीत असली तरी अडत नाही, पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात.

इंग्रजी स्थळांवर व्याकरणाला हसणारे फार कमी भेटतात. तिथल्या कितीतरी लोकांची मातृभाषा इंग्रजी नाहीच. चार शब्दांची छोटी वाक्यं लिही. मी हे केलं. हे व्हायला हवं होतं. हे झालं. एवढी तीन वाक्यं जमली की प्रश्न झाला. भाषांतराचं साधन वापरलंस तरी चालेल, फक्त कोड आणि एरर त्यातून फिरवू नकोस.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपण वर्गात "सर, डाउट आहे" म्हणतो. इंग्लंड-अमेरिकेत डाउट म्हणजे शंका घेणं, विश्वास नसणं. "आय हॅव अ डाउट" असं लिहिलं की तिथल्या माणसाला वाटतं, याला माझं म्हणणं पटलेलं नाही. तिथे सरळ क्वेश्चन लिहावं. "सर"ही नको. समोर बाई असू शकते, शाळकरी पोरगाही असू शकतो. नमस्कार आणि आभार पुरेत. आणि "अर्जंट" तर नकोच. आपली सबमिशनची तारीख त्यांच्या अंगावर टाकल्यासारखं होतं, ती माणसं स्वतःच्या वेळातून फुकट मदत करतायत.

---

कातळ

मी बारा वर्षं अशा ठिकाणी उत्तरं देतोय. समोरच्या बाजूने काय दिसतं ते लिहितो.

रात्री जेवण झाल्यावर मी अर्धा तास काढतो. त्या अर्ध्या तासात वीस प्रश्न समोर येतात. ज्याचा कोड मला कॉपी करून चालवता येतो तो मी आधी घेतो. यात मर्जीचा प्रश्न नाही, तिथे माझ्या अर्ध्या तासाचं चीज होतं. चारशे ओळींची अख्खी फाइल टाकली तर ती वाचायला तेवढा वेळ माझ्याकडे नसतो. म्हणून स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या इंग्रजी मदतस्थळावर छोट्यात छोटं, पण चालवल्यावर तीच चूक दाखवणारं उदाहरण मागतात. चूक टिकेल इतपत कोड ठेवायचा, बाकी सगळा काढून टाकायचा. हे करताना निम्म्या वेळा चूक तुमची तुम्हालाच सापडते.

दुसरं, मूळ काम सांगा. एका मुलीने विचारलं होतं, फाइलमधल्या प्रत्येक आकड्याच्या आधी लूप फिरवून शून्य कसं लावू. तीन जणांनी तीन तऱ्हांनी लूप लिहून दिले. मग कुणीतरी विचारलं, शून्य कशासाठी हवंय? तेव्हा कळलं की तो फोन नंबरांचा रकाना होता. रत्नागिरीचा एसटीडी कोड ०२३५२, पण पांडासने (तक्ते हाताळणारं पायथनचं साधन) तो रकाना संख्या समजून वाचला आणि पुढचं शून्य उडालं. रकाना मजकूर म्हणून वाच असं सांगितलं की काम झालं, लूपची गरजच नव्हती. तिने आपल्या मनातल्या उपायाबद्दल विचारलं, अडचणीबद्दल विचारलं नाही. ही चूक मीही अजून करतो.

तिसरं, थांबा. आपल्याकडे रात्री नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे साडेअकरा असतात, लोक कामात असतात. तासाभराने "एनीवन?" लिहू नका. एक दिवस जाऊ द्या, मग नवी माहिती घालून प्रश्न वर आणा. दोन ठिकाणी विचारायचं असेल तर दोन्हीकडे एकमेकांचे दुवे द्या, नाहीतर इथे सुटलेल्या प्रश्नावर तिथे दुसरा कुणीतरी तासभर डोकं घालत बसतो. आणि उत्तर दिलेल्या माणसाला खासगी मेसेज पाठवून पुढचे प्रश्न विचारू नका. सगळ्यांसमोर विचारलं तर माझं चुकलं तेही कुणीतरी दुरुस्त करतं.

---

खाडीपलीकडे

सगळं पटलं, पण सगळा भार शिकणाऱ्याच्याच डोक्यावर का? वर्षानुवर्षं उत्तरं देणाऱ्या माणसाला सगळं सोपं वाटतं. "गूगल केलंस का?" हे उत्तर होत नाही. कुठला शब्द शोधायचा हेच नवख्याला माहीत नसतं, म्हणून तर तो विचारतो. २०१८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने स्वतः जाहीर कबूल केलं की त्यांचं ठिकाण नवख्यांना आपलंसं वाटत नाही, आणि त्याच वर्षी नवी आचारसंहिता आणली. नव्याने प्रश्न विचारणाऱ्याच्या नावापाशी तो नवा आहे अशी खूणही दिसायला लागली. लिनक्सचा गाभा (कर्नल) लिहिणाऱ्या लोकांनीही त्याच वर्षी आचारसंहिता स्वीकारली आणि लिनक्सचा जनक लिनस टॉरव्हाल्ड्सने आपल्या जुन्या तिखट भाषेबद्दल माफी मागितली. इतकी मोठी माणसं बदलू शकतात, तर आपल्या गटातल्या दादांनाही बदलता येईल.

---

कातळ

@खाडीपलीकडे, मान्य. मीही पूर्वी तुटक लिहायचो. आता प्रश्न बंद करायची वेळ आली तर दोन ओळी लिहितो, तुझं उत्तर या दुव्यात आहे, तिसरा परिच्छेद बघ, नाही जुळलं तर परत सांग. त्याला अर्धं मिनिट लागतं.

नवख्यांनीही एक ध्यानात ठेवावं. प्रश्न बंद होणं, नापसंतीचं मत पडणं हे त्या प्रश्नाच्या मांडणीवरचं मत असतं, तुमच्यावरचं नसतं. प्रश्न सुधारता येतो आणि सुधारून पुन्हा उघडताही येतो.

---

माडाखाली

एक फार महत्त्वाचं राहिलं. आमच्या एका विद्यार्थ्याने प्रश्नासोबत खरी फाइल टाकली. त्यात काकांच्या दीडशे गिऱ्हाइकांची नावं, मोबाइल नंबर आणि येणं किती ते. ती फाइल तीन तास तिथे होती. कोड दाखवताना नावं बदला, नंबर खोटे घाला. सही, बँक, आधार यातलं काहीही चिकटवू नका.

पासवर्ड किंवा एपीआयची किल्ली (दुसऱ्या सेवेत शिरायला लागणारा गुप्त संकेत) कोडमध्ये चुकून गेली तर नुसती पोस्ट पुसून भागत नाही. कुणीतरी ती उचललेली असू शकते. गिटवर (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) गेली असेल तर पुसल्यावरही जुन्या इतिहासात ती तशीच राहते. लगेच ती किल्ली रद्द करून नवी घ्यायची, मग बाकीची आवराआवर.

---

गडगा

मी सध्या सगळं चॅटजीपीटीला विचारतो, ते कधी चिडत नाही. माणसांना विचारायची गरज आहे का अजून?

---

सड्यावरची

@गडगा, विचार की. मीही विचारते, आणि तिथेही गाऱ्हाणं नीट घातलं तरच उत्तर नीट येतं. पण ते चुकीचं उत्तरही तेवढ्याच ठामपणे देतं, आणि नवख्याला ते ओळखता येत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्ये अशी उत्तरं टाकायला मनाई केली ती याच कारणाने, दिसायला चांगली आणि पुष्कळदा चुकीची.

तिथून घेतलेला कोड अडला आणि माणसांकडे आलास, तर कोड कुठून आणलास ते सांग. न सांगितलं तर लोक तू असं का लिहिलंस, असं विचारत बसतात आणि तुझ्याकडे उत्तर नसतं. त्यातली कुठली ओळ तुला समजली नाही ते दाखवलंस तर मी तासभरसुद्धा बसेन. अभ्यासाला दिलेला प्रश्न असेल तरी हेच. जमलं तेवढं दाखव, अडलं तिथे बोट ठेव.

---

पेटीवाला

नमस्कार. वरचा तिरका फोटो माझा. कालपासून धागा वाचतोय. आधी लाज वाटली, मग कातळदादांनी सांगितलं तसं करून बघितलं. चारशे ओळींची फाइल कापत कापत एका शब्दावर आणली.

फाइलमध्ये फक्त "देवगड" ठेवलं तर प्रोग्राम चालतो, पण वेडीवाकडी चिन्हं छापतो. "मालवण", "सावंतवाडी" यांचंही तसंच. फक्त "कुडाळ" ठेवलं की थांबतो. शेवटची ओळ अशी: चारमॅप कोडेक कान्ट डिकोड बाइट ०एक्स८१ इन पोझिशन ५. म्हणजे ट्रायल घेताना घरच्या देवगडच्या नोंदी होत्या म्हणून प्रोग्राम नुसता बिघडलेला दिसत होता, कुडाळचं गिऱ्हाईक आल्यावर बंद पडला.

गटात उत्तर मिळालं होतं, पण त्यामागचं कारण आता शोधून काढलं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. विंडोजवर माझा पायथन ती फाइल जुन्या १२५२ या पद्धतीने वाचत होता, आणि त्या पद्धतीत ८१ या बाइटला अक्षरच नेमलेलं नाही. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट नेमका ८१ आहे. कु मधला उकार! हलन्ताचा ८डी, तोही रिकामा, म्हणून "रत्नागिरी"वरही थांबतो. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं लिहिलं आणि सगळी गावं नीट आली.

गटातल्या माझ्या मूळ प्रश्नाखाली हे सगळं लिहून ठेवलंय. फोटो काढून तिथे एररचा मजकूर घातला.

आता पुढची अडचण. विंडोज ११, पायथन ३.१२. हिशेब सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) लिहितो, एन्कोडिंग यूटीएफ-८ दिलंय. नोटपॅडमध्ये नावं बरोबर दिसतात. फाइलवर डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की पुन्हा तीच वेडीवाकडी चिन्हं. एरर काही येत नाही. फक्त "कुडाळ" लिहिलेल्या एका ओळीच्या फाइलवरही तसंच होतं. वडील एक्सेलमध्येच बघतात, म्हणून तिथे नावं नीट दिसायला हवीत.

---

कातळ

लिहिताना यूटीएफ-८ च्या जागी यूटीएफ-८-सिग दे. त्याने फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची खूण पडते, तिच्यावरून एक्सेल ओळखतं की आत यूटीएफ-८ आहे. वाचतानाही तेच दे, नाहीतर ती खूण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटून येईल.

---

पेटीवाला

झालं! एक्सेलमध्ये कुडाळ दिसतंय. वाचतानाचं आधीच सांगितलंत ते बरं, मी नेमकं तेच विसरलो होतो. गटातही लिहून ठेवतो, आत्ताच बांधावर जाऊन येतो.